नेट, कन्सोल आणि म्युझिक प्लेयर: लोकांची नेहमीची मतं आणि त्यामागचं गणित

नवीन वायफाय घ्यायचं असो, गेमिंग कन्सोल घ्यायचा असो की गाणी ऐकायला वेगळा प्लेयर, आपण आधी चार जणांना विचारतो. आणि चौघांकडून चार मतं मिळतात. "त्या कंपनीचं नेट घेऊ नको, लई स्लो आहे." "कन्सोल म्हणजे श्रीमंतांचे चोचले." "मोबाईल असताना एमपी३ प्लेयर कोण घेतं?"

ही मतं खोटी नसतात. सांगणाऱ्याला तसा अनुभव खरंच आलेला असतो. पण त्याच्या घरात राउटर कुठे ठेवलाय, तो कोणता गेम खेळतो, कोणते हेडफोन वापरतो हे आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे त्याचं मत आपल्याला लागू पडेलच असं नाही. पैसे मात्र आपले जातात, आणि बऱ्याचदा ते आईवडिलांचे असतात.

म्हणून या लेखात आपण नेहमी ऐकू येणारी मतं एकेक करून घेऊ आणि त्यातलं किती खरं, किती अर्धवट ते बघू. सगळा लेख एकदम वाचायची गरज नाही. तुम्हाला जी वस्तू घ्यायची आहे तो भाग वाचा, आणि शेवटची यादी मात्र नक्की बघा.

भाग १: घरचं इंटरनेट

मत: "१०० चा प्लॅन आहे, पण डाउनलोड १२ नेच होतं. कंपनी फसवते."

इथे बहुतेक वेळा कंपनी फसवत नसते, फक्त दोन वेगळी मापं असतात. प्लॅनचा स्पीड मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे एमबीपीएसमध्ये सांगतात. फाईलची साईज मात्र मेगाबाइटमध्ये असते. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर जास्तीत जास्त १०० भागिले ८, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट एवढीच फाईल उतरते.

हे एकदा लक्षात आलं की बाकीचे हिशोब सोपे होतात. समजा ५० जीबीचा गेम डाउनलोड करायचा आहे. १०० च्या प्लॅनवर साधारण १ तास ७ मिनिटं लागतील. ४० च्या प्लॅनवर पावणेतीन तास. प्रत्यक्षात थोडं जास्तच धरा, कारण पूर्ण स्पीड सतत मिळत नाही.

मत: "घरात चार जण आहोत, म्हणजे २०० किंवा ३०० चा प्लॅन लागणारच."

आधी बेरीज करून बघा. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सूचनेनुसार फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस आणि ४के व्हिडिओला १५ एमबीपीएस पुरतात. आता समजा टीव्हीवर कोणीतरी ४के सिनेमा बघतंय, दोघं जण फोनवर फुल एचडी बघताहेत आणि तुम्ही ऑनलाइन गेम खेळताय. १५ अधिक ५ अधिक ५ झाले २५. गेम खेळताना प्रत्यक्षात फारच कमी डेटा लागतो, बहुतेक गेमना १ एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतो. म्हणजे ४० ते ५० चा प्लॅन या घराला पुरतो.

मोठा प्लॅन कधी घ्यावा? तुम्ही सारखे मोठे गेम उतरवत असाल, व्हिडिओ एडिट करून अपलोड करत असाल, किंवा घरात एकाच वेळी सात-आठ जण नेट वापरत असतील तर. नाहीतर तेच पैसे चांगल्या राउटरवर घातलेले परवडतात.

आणि किंमत बघताना १८ टक्के जीएसटी विसरू नका. जाहिरातीत ४९९ दिसतं, बिल ५८८ रुपये ८२ पैशांचं येतं.

मत: "स्पीड टेस्ट फुल्ल दाखवते, तरी गेम लॅग मारतो."

या मतामागचा अनुभव खरा आहे, आणि त्याचं कारणही खरं आहे. स्पीड आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पीड म्हणजे पाइप किती रुंद आहे. पिंग म्हणजे तुमचा एक निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर घेऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले. सिनेमाला रुंद पाइप लागतो. गेमला झटपट उत्तर लागतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ४ हजार किलोमीटर आहे. म्हणजे जायला २० आणि यायला २० मिलिसेकंद. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईत बसून तुम्ही जगातला कुठलाही प्लॅन घ्या, पिंग ४० च्या खाली येणार नाही. केबल समुद्रातून वळणं घेत जाते आणि मध्ये बरीच यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा त्याहून बराच जास्त असतो. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन मुंबईचा किंवा भारतातला सर्व्हर निवडता येतो का ते आधी बघा. स्पीड टेस्ट मात्र बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर निवडते, म्हणून तिथे सगळं छान दिसतं.

दुसरं कारण घरातच असतं. तुम्ही मॅच खेळताय आणि त्याच वेळी आईच्या फोनवरून लग्नाचे ६०० फोटो क्लाउडवर चढताहेत. अपलोडचा पाइप भरला की तुमचे छोटे निरोप राउटरमध्ये रांगेत उभे राहतात. पिंग ३० वरून ३०० वर जातो. हे तपासणं अगदी सोपं आहे: घरातल्या बाकी सगळ्यांचं वायफाय दहा मिनिटं बंद करा आणि पिंग बघा. उतरला तर दोष कंपनीचा नाही. फोटो बॅकअप रात्री ठेवा, किंवा राउटरमध्ये क्यूओएस नावाचं सेटिंग असेल तर त्यात गेमिंगच्या डिव्हाइसला पहिला नंबर द्या.

तिसरं कारण कन्सोलवाल्यांसाठी. भारतात बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी अ‍ॅड्रेस देतात. त्यामुळे प्लेस्टेशनवर नॅट टाइप ३ किंवा एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट असं दिसू शकतं, आणि मित्राच्या पार्टीत शिरता येत नाही, आवाज जात नाही. आधी राउटरमधलं यूपीएनपी चालू करून बघा. तरी जमलं नाही तर कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागता येतो. त्याचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात.

मत: "बेडरूममध्ये रेंजच येत नाही. नेट बेकार आहे."

नेट आणि वायफाय एकच नाही. नेट बाहेरून तुमच्या घरापर्यंत येतं, वायफाय म्हणजे राउटरपासून फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा. तक्रारी सगळ्या कंपनीच्या नावानं होतात, पण गडबड बऱ्याचदा या शेवटच्या टप्प्यात असते.

राउटरचे साधारण दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतीपलीकडे जातो पण हळू असतो, आणि त्यावर गर्दी फार. या बँडमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. सोसायटीत तुमच्या आजूबाजूला पंधरा राउटर असतील तर ते सगळे या तीन चॅनलवर भांडत असतात. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असतो, पण एक-दोन भिंतींत दमतो.

मग काय करायचं? राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा शोकेसच्या आत ठेवू नका. घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवा. कन्सोल आणि टीव्ही शक्य असेल तर केबलनं जोडा. आणि एक गोष्ट हमखास तपासा: राउटरचे लॅन पोर्ट. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तुम्ही २०० चा प्लॅन घेतलात तरी त्या पोर्टमधून १०० च्या वर काही मिळणार नाही. खोक्यावर गिगाबिट लिहिलंय का ते बघा. केबलही कॅट ५ई किंवा त्यावरची घ्या.

फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्यावरचे दिवे वाचायला शिका. एलओएस नावाचा दिवा लाल झाला किंवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. कुठेतरी वायर तुटली आहे, दबली आहे किंवा कनेक्टर सुटलाय. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. सरळ तक्रार करा आणि "एलओएस लाल आहे" असं सांगा. समोरचा माणूस लगेच कामाला लागतो.

लाईट जाते तेव्हा नेटही जातं अशी तक्रार असेल तर त्याला उपाय आहे. राउटर आणि फायबरचा डबा बहुतेक वेळा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. आपल्या डब्याचा व्होल्ट आणि अँपिअर अडॅप्टरवर वाचून मगच घ्या.

मत: "अनलिमिटेड म्हणजे अनलिमिटेड."

नाही. घरगुती प्लॅनमध्ये फेअर यूसेज पॉलिसी असते. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबी असते. सामान्य घराला ती लागत नाही, पण ती संपली की स्पीड एकदम खाली येतो. फायबर पोहोचलं नाही तिथे ५जी वर चालणारं घरगुती नेट मिळतं. त्यात ही मर्यादा बऱ्याचदा फायबरपेक्षा कमी असते, ती आधी विचारून घ्या. केबलवाल्याकडचा स्वस्त प्लॅन असेल तर मर्यादेनंतर किती स्पीड राहतो हेही विचारा. सरकारनं २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवण्यासाठीचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. २ वर व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण टीव्हीवर फुल एचडी बघायला तो अपुरा पडेल.

मोबाईल रिचार्जमध्येही असंच एक गणित आहे. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नाही. वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. रोज २ जीबीच्या प्लॅनमध्ये २८ दिवसांत ५६ जीबी मिळतात, म्हणजे कन्सोलचा एक मोठा गेम उतरवला की खेळ खल्लास.

मत: "तक्रार करून काही होत नाही."

फोनवर ओरडून काही होत नाही हे खरं. लेखी तक्रारीचा मात्र रस्ता आहे. पहिली पायरी: कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा कॉल सेंटरला तक्रार करा आणि डॉकेट नंबर घ्याच. नंबर नाही तर तक्रार नाही. दुसरी पायरी: समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. अपिलाची सोय ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार ठेवावीच लागते आणि त्याला फी नाही. तिसरी पायरी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही.

पुरावा म्हणून काय ठेवायचं? केबलनं जोडलेल्या लॅपटॉपवरची स्पीड टेस्ट, सकाळ-दुपार-रात्र, तारखेसह, चार-पाच दिवसांची. वायफायवरच्या फोनची टेस्ट दाखवली तर कंपनी म्हणणार, "सर, तुमच्या घरातला प्रॉब्लेम आहे." आणि ते त्यांना म्हणता येतं.

या सगळ्यात सगळ्यात कामाचा सल्ला एकच: पहिल्याच दिवशी वर्षभराचे पैसे भरू नका. राउटर फुकट मिळतो म्हणून लोक १२ महिन्यांचा प्लॅन घेतात आणि मग अडकतात. एक महिना वापरून बघा. शनिवार-रविवारी रात्री ९ ते ११ या वेळात नेट कसं चालतं तेच खरं. आणि त्याच बिल्डिंगमधल्या, त्याच कंपनीच्या ग्राहकाला विचारा. दुसऱ्या गावातल्या मित्राचं मत इथे काही उपयोगाचं नाही.

भाग २: गेमिंग कन्सोल

मत: "फोनवर गेम फुकट आहेत, मग पन्नास हजार कशाला घालायचे?"

फुकट गेम फुकट नसतो. त्यात स्किन, पास, कॅरेक्टर असं काहीतरी विकत असतात. आणि ते विकत घेतलेलं किती दिवस आपलं राहील हे आपल्या हातात नसतं. २ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजी मोबाईलवर बंदी आली. त्यात लोकांनी पैसे घालून गोळा केलेल्या वस्तू एका दिवसात टांगणीला लागल्या.

पण उलटा मुद्दाही खरा आहे. तुम्ही दिवसाला अर्धा तास, बसमध्ये, मित्रांसोबत खेळत असाल तर कन्सोलची काही गरज नाही. कन्सोल हा टीव्हीसमोर बसून खेळायचा प्रकार आहे. हॉस्टेलला राहत असाल, टीव्ही नसेल, तर तो खोक्यातच राहील.

मत: "कन्सोल पीसीपेक्षा स्वस्त पडतो."

घेताना हो. नंतर अवलंबून आहे. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिस्क नसलेला ३९,९९० रुपयांना होता. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९,९९० ला आणि सिरीज एस ३४,९९० ला आला होता. तेवढ्या पैशात तशी ताकद असलेला पीसी तेव्हा जमत नव्हता. पण कन्सोल कंपन्या खरी कमाई गेम आणि सबस्क्रिप्शनमधून करतात. मोठ्या कंपनीचा नवा पीएस५ गेम भारतात ४,९९९ रुपयांपर्यंत जातो.

चार वर्षांचं गणित मांडा. समजा कन्सोल ५० हजारांचा. वर्षाला तीन गेम, प्रत्येकी सरासरी ४ हजार. चार वर्षांत गेमचेच ४८ हजार झाले. म्हणजे कन्सोलची किंमत जवळजवळ दुप्पट. वर पैसे देऊन घेतलेले गेम ऑनलाइन खेळायला सबस्क्रिप्शन लागतं. फुकट मिळणारे गेम मात्र प्लेस्टेशनवर आणि २०२१ पासून एक्सबॉक्सवरही सबस्क्रिप्शनशिवाय ऑनलाइन खेळता येतात. तुम्ही फक्त तेच खेळणार असाल तर हा खर्च वाचतो.

पीसीचा एक फायदा पैशात मोजता येत नाही: त्यावर अभ्यास, कोडिंग, एडिटिंग होतं. घरी एकच मोठी वस्तू येणार असेल तर हा मुद्दा जड आहे.

मत: "डिस्कवाला घेऊन काय फायदा? सगळं डाउनलोडच करायचंय."

इथे थोडं थांबा, कारण पैशांचा खरा फरक इथेच पडतो. डिस्क विकता येते, मित्राला देता येते, सेकंड हँड घेता येते. समजा ४ हजारांना घेतलेली डिस्क खेळून झाल्यावर अडीच हजारांना गेली. तुमचा खरा खर्च दीड हजार. डिजिटल गेम विकता येत नाही. त्याच्या बदल्यात सेलमध्ये तो खूप स्वस्त मिळतो, पण वाट बघावी लागते.

डिस्क आहे म्हणजे नेट लागणार नाही असंही नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी डेटा होता. बाकी सगळा गेम डाउनलोड. गावाकडे नेट कमी असेल तर गेम घेण्याआधी डिस्कवर पूर्ण गेम आहे का हे शोधून बघा.

आणि "विकत घेतलं म्हणजे आपलं" हे डिजिटलमध्ये पूर्ण खरं नाही. निंटेंडोनं ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद केलं. यूबीसॉफ्टनं 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. तो गेम सर्व्हरशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. म्हणून गेम घेताना एक प्रश्न विचारा: नेट नसताना हा एकट्यानं खेळता येतो का?

मत: "ग्रे मार्केटमधून घे, स्वस्त पडतो."

लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बाहेरून आणलेले कन्सोल मिळतात हे खरं. निंटेंडो तर भारतात अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे स्विच घ्यायचा तर हाच मार्ग. फक्त वॉरंटीचं काय ते ओळखून घ्या. दुकानदार "सहा महिन्यांची वॉरंटी" म्हणतो ती त्याची स्वतःची असते, कंपनीची नाही. ती बिलावर लिहून घ्या. दुसऱ्या देशातली प्लेस्टेशनची डिस्क भारतात चालते, पण त्या गेमचं जास्तीचं कंटेंट तुमच्या अकाउंटच्या देशाशी जुळावं लागतं.

सेकंड हँड घेताना पैसे देण्याआधी एवढं कराच: कन्सोल चालू करून तुमच्या अकाउंटनं ऑनलाइन लॉगिन करा, कारण कंपनीनं बॅन केलेला कन्सोल ऑनलाइन जात नाही. डिस्क घालून बाहेर काढून बघा. कंट्रोलरच्या स्टिकला हात न लावता स्क्रीनवर काही आपोआप हलतंय का बघा. अर्धा तास खेळून पंख्याचा आवाज ऐका. बिल आणि सीरियल नंबर जुळवा.

दोन छोटे खर्च लोक विसरतात. पहिला जागेचा: सुरुवातीच्या पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी गेमसाठी सुमारे ६६७ जीबीच उरतात. मोठे गेम सात-आठ भरले की संपलं. दुसरा विजेचा: पीएस५ मोठा गेम चालवताना साधारण २०० वॅट घेतो. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला सुमारे १८ युनिट. आपल्या बिलावरच्या दरानं गुणून बघा.

भाग ३: म्युझिक प्लेयर

मत: "एमपी३ प्लेयर मेला."

एका अर्थानं बरोबर. १९९८ मध्ये आलेल्या एमपीमॅन एफ१० ची मेमरी ३२ एमबी होती. १२८ केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं साधारण ४ एमबीचं होतं, म्हणजे आठेक गाणी. २३ ऑक्टोबर २००१ ला अ‍ॅपलनं ५ जीबीचा आयपॉड आणला आणि खिशात हजार गाणी मावायला लागली. पुढे तेच काम फोन करायला लागला. १० मे २०२२ ला अ‍ॅपलनं शेवटचा आयपॉडही बंद केल्याचं जाहीर केलं.

पण प्रकार संपला नाही, त्याचे तीन वेगळे रस्ते झाले. एक, साधे छोटे प्लेयर, मेमरी कार्ड घालून चालणारे. दोन, चांगल्या आवाजासाठीचे महागडे प्लेयर. सोनी आजही वॉकमन हे १९७९ पासूनचं नाव लावून डिजिटल प्लेयर बनवते. तीन, सारेगामाचा कारवाँ. २०१७ मध्ये आलेल्या या रेडिओसारख्या दिसणाऱ्या प्लेयरमध्ये हजारो जुनी गाणी आधीच भरलेली असतात, आणि त्याची मराठी गाण्यांचीही आवृत्ती आहे. ज्या आजीला अ‍ॅप, पासवर्ड, जाहिरात काहीच नको असतं, तिच्यासाठी नेटशिवाय चालणारं एक बटण हीच सगळ्यात मोठी सोय.

मत: "वेगळ्या प्लेयरचा आवाज भारीच असतो."

हे तुम्ही हेडफोन कोणते वापरता यावर आहे. डिजिटल गाण्याचं विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. महागड्या प्लेयरमध्ये हा डॅक चांगला असतो, त्याचेच पैसे असतात. पण तुम्ही ब्लूटूथ हेडफोन लावले की गाणं डिजिटल स्वरूपातच हेडफोनपर्यंत जातं आणि रूपांतर हेडफोनमधला डॅक करतो. म्हणजे प्लेयरमधला महागडा डॅक नुसता बसून राहतो. ब्लूटूथच वापरणार असाल तर आवाजासाठी वेगळा प्लेयर घेण्यात अर्थ नाही. ते पैसे चांगल्या हेडफोनवर घाला.

वायरचे चांगले हेडफोन असतील तर फरक पडू शकतो. तरी पहिला प्रयोग स्वस्तात करा: फोनच्या सी पोर्टला लावायचा छोटा यूएसबी डॅक घेऊन ऐका. त्यात समाधान झालं तर प्लेयरचे पैसे वाचले.

मत: "लॉसलेसच ऐकायचं, एमपी३ मध्ये मजा नाही."

सीडीचा डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. चांगल्या एमपी३ चा ३२०. ब्लूटूथवर सोनीचा एलडॅक कोडेकसुद्धा जास्तीत जास्त ९९० वर थांबतो, आणि आयफोनवर तो चालतच नाही. म्हणजे नेहमीच्या ब्लूटूथवर लॉसलेस गाणं लावलं तरी कानापर्यंत पोहोचताना ते दाबलेलंच असतं. शिवाय ३२० आणि लॉसलेस यातला फरक डोळे झाकून ओळखणं बऱ्याच जणांना अवघड जातं. मित्राला गाणी बदलायला सांगा आणि दहापैकी किती ओळखता येतात बघा. डेटाचाही हिशोब आहे: ३२० वर तासाला सुमारे १४४ एमबी, १६० वर त्याच्या निम्मे.

मत: "अ‍ॅपवर सगळी गाणी आहेत, साठवायची कशाला?"

आज आहेत, उद्या असतीलच असं नाही. अ‍ॅप आणि म्युझिक कंपनीचा करार संपला की गाणी गायब होतात. सबस्क्रिप्शन थांबलं की ऑफलाइन डाउनलोड केलेलीही वाजत नाहीत. आवडीची पाच-पन्नास गाणी, विशेषतः घरच्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग, शाळेच्या गॅदरिंगची, आजोबांच्या भजनाची, ही साध्या फाईल म्हणून दोन ठिकाणी ठेवा. ती कुठल्याच अ‍ॅपवर परत मिळणार नाहीत.

साध्या प्लेयरचा एक फायदा जाहिरातीत नसतो: त्यावर नोटिफिकेशन येत नाही. परीक्षेच्या दिवसांत गाणी हवीत पण फोन नको, असं असेल तर हजार-दोन हजारांचा प्लेयर पुरे. फक्त अनोळखी ब्रँडचं "५१२ जीबी" कार्ड स्वस्तात मिळालं तर ते पूर्ण भरून तपासा. खोटी साईज दाखवणारी कार्डं बाजारात भरपूर आहेत.

आणि कान जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांसाठी मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. आवाज वाढला की वेळ झपाट्यानं कमी होतो. लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट झाकायला आपण आवाज फुल करतो, तिथे कानात घट्ट बसणारे इअरफोन जास्त उपयोगी.

दुसऱ्याचं मत ऐकताना विचारायचे प्रश्न

नेटबद्दल कोणी सांगत असेल तर:
१. तू कुठे राहतोस, आणि कनेक्शन फायबर आहे की दुसरं काही?
२. स्पीड केबलवर मोजलास की वायफायवर?
३. रात्री ९ नंतर कसं चालतं?
४. बिघडल्यावर माणूस किती दिवसांनी आला?

कन्सोलबद्दल:
१. वर्षाला किती गेम घेतोस, आणि डिस्क की डिजिटल?
२. ऑनलाइन खेळतोस की एकटा?
३. शेवटचं कधी चालू केला होतास?

प्लेयरबद्दल:
१. हेडफोन वायरचे की ब्लूटूथ?
२. गाणी कुठून आणतोस, फाईल की अ‍ॅप?
३. फोन असताना तो प्लेयर खिशात ठेवतोस का?

या प्रश्नांची उत्तरं तुमच्या परिस्थितीशी जुळली तर ते मत तुमच्या कामाचं. नाही जुळली तर ऐका, हसा आणि सोडून द्या. आणि पुढच्या वेळी तुम्हाला कोणी विचारलं तर "भारी आहे" किंवा "बेकार आहे" एवढंच सांगून थांबू नका. कुठे, कसं आणि कशासाठी वापरता तेही सांगा. समोरच्याचे पैसे त्यावर ठरणार असतात.